मल्हारीचं रगत

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट उघडला, तशी बानाबाई बाकड्यावरून उठून उभी राहिली. तिचा नवरा, मल्हारी, चाकाच्या खुर्चीत एका अंगाला कलून बसला होता. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर टाक्यांची वाट उमटली होती, माळावर मेंढरांच्या खुरांनी पडावी तशी.

गेल्या खेपेला याच डॉक्टर मनस्विनींनी सांगितलं होतं, की मेंदूतली ही गाठ लई खुनशी. काढली तरी परत येते. पण ज्यांचं रक्त टिकतं, ते थोडे जास्त दिवस काढतात. बानाबाईनं त्यातलं रक्त तेवढं पदरात घेतलं आणि घरी नेलं.

घर म्हणजे माळावरचं कापडी पाल. लष्करी छावणीच्या पलीकडं, पडेगावच्या पुढं, शहर सरकत सरकत तिथवर आलं होतं. माळाचे प्लॉट पडले होते. पाऊस दुसऱ्या सालीही फिरकला नव्हता. खुणेच्या दगडांमधून मेंढरं वाळकी काटकं हुंगत फिरायची. व्यायणारी मेंढी कापायची नसते, हे धनगराच्या लेकीला कुणी शिकवायला नको. तरी तिनं कापली. मग आणखी एक. काळीज निखाऱ्यावर भाजून घासाघासानं त्याला भरवलं, पायांचा रस्सा पाजला. त्याची जीभ तेव्हा वळत होती. म्हणाला, "येवढं चारतीस, जत्रंला कापती का काय मला?" ती हसली आणि स्वतःची भाकर मिठाच्या पाण्यात बुडवून खाल्ली. कधी तीही नाही.

पुढं त्याची जीभ जड झाली, मग गेलीच. उजवा हात गेला. माणसं विसरला, नावं विसरला. ती काळीज भाजत राहिली.

"रक्तातलं लाल वाढलंय, मावशी," डॉक्टर म्हणाल्या.

बानाबाईनं वर बघून हात जोडले. वर छताचा पंखा फिरत होता.

मग डॉक्टर हळूहळू उरलेलं सांगू लागल्या. पांढऱ्या पेशींचा तोल पार गेलाय, ती खूण बरी नव्हे. नव्या फोटोत गाठ पलीकडच्या अंगालाही पोचलीय. आता औषधं द्यायची ती दुखू नये म्हणून.

"पर रगत तर वाढलं न्हवं का त्यांचं?" बानाबाई म्हणाली. "तुमीच म्हनला व्हता."

डॉक्टर टेबल सोडून तिच्यापाशी आल्या. "रक्त नुसतं सांगतं, मावशी. गाठीला ते अडवत नाही."

बानाबाई खाली फरशीवरच बसली. रडू आलं नाही. तिनं पदर तोंडाशी धरला आणि मल्हारीच्या गुडघ्याला कपाळ टेकवलं.

तेव्हा त्याचा डावा हात हलला. तिच्या हनुवटीशी आला, त्यानं तिचं तोंड वर केलं, आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. तळ हलवायच्या आधी धनगर दुखणाईत मेंढीचं रगत असंच बघतो; जिच्यात ते उरलं नाही, ती वाट चालत नाही, तिला मागं सोडावं लागतं. पापणी आतून पांढरीफटक होती. तो वाकून बघत राहिला. कुणाकडं बघतोय हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे.

कैक दिवस न वळलेली जीभ मोठ्या कष्टानं वळली.

"ही... खंगली," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "हिला मागं सोडू नगा."