बाईंची शिकवणी

रिटायर झालेल्या शाळेच्या बाई रोज सकाळी आठच्या ठोक्याला आमच्या चिकनच्या दुकानात यायच्या, हातातला डबा काउंटरवर ठेवायच्या आणि ह्यांची शिकवणी घ्यायच्या.

"अरे, तुझ्यासारखा भला माणूस मुक्या जिवांवर सुरी चालवतो? मी बघ, दूधसुद्धा सोडलं. व्हीगन झाले."

हे लहानपणी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे मान खाली घालून ऐकायचे. मी मात्र मागे उभी राहून धुसफुसायचे.

परवा बाईंनी आम्हा दोघांना जेवायलाच बोलावलं. नारळाच्या दुधातले मशरूम, काजूचं चीज, बदामाच्या दुधाचं आइस्क्रीम. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा बोटं चाटली. घरात जिवाजिवावर माया. पायात घोटाळणारी मांजरंसुद्धा कशी गुबगुबीत! ह्यांनी तीनदा वाढून घेतलं आणि परत येताना म्हणाले, "शाळेत बाईंचं एक ऐकलं नाही. आता ऐकतो. यापुढे भाजी विकायची."

चालता धंदा मोडायचा म्हणजे काय! पण वीस वर्षांत हा माणूस इतका हलका कधी दिसला नव्हता, म्हणून मीही हो म्हटलं.

आज सकाळी सुऱ्या पोत्यात बांधल्या, काउंटर घासून धुतला, त्यावर टोमॅटो-वांगी रचली. आठच्या ठोक्याला बाई आल्या. शाबासकी घ्यायला हे चक्क उठून उभे राहिले. बाईंनी डबा ठेवला, टोमॅटोंवरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहराच पडला.



"अरे गाढवा, मग माझ्या मांजरांनी खायचं काय?"