घट्ट झाकण

लाल दिवा लागला आणि कोरीनचं बोलणं अर्ध्यात तुटलं.

"दोन मिनिटं संपली, मॅडम," विधिमंडळ समितीचे अध्यक्ष प्रेंटिस म्हणाले.

"माझी तीन वर्षांची पोरगी दोन दिवस नळीवर श्वास घेत होती, साहेब. ते दोन मिनिटांत कसं सांगू?"

कुणी मान वर केली नाही. तिचं मागणं तरी केवढं? राज्यानं मोठ्या माणसांना गांजा मोकळा केला, करू दे. पण गांजाची गोळी खाऊसारखी करू नका. गोड नको, रंगीत नको, अस्वलाच्या आकाराची तर नकोच. विधेयकात तसं कलम होतं.

मग कंपन्यांचे वकील हॅलोरन उठले. ते निमंत्रित, त्यामुळे त्यांच्यासमोर दिवाच नव्हता.

"पोरंबाळं आम्हालाही आहेत," ते म्हणाले. "अस्वलाच्या मागे कशाला लागता? बाटलीचं झाकण आणखी घट्ट करा, पोरांना उघडणारच नाही असं. खर्च आमचा."

आमदारांचे चेहरे खुलले. जेवणाची वेळ झालीच होती. हॅलोरननी आणलेली, नव्या झाकणाची नमुन्याची बाटली हातोहात फिरत कोरीनच्या आईपर्यंत, डोलोरेसपर्यंत आली.

"आजी, गोळ्या तुमच्याच ना? सांधेदुखीच्या?" प्रेंटिसनी विचारलं. "असं झाकण असतं तर पोर वाचली असती की नाही या सगळ्यातून?"

"झाकण घट्टच होतं, बाबा." डोलोरेसनं आपली वाकडी बोटं वर केली. "मला उघडेना. म्हणून शेजारणीकडून एकदाच उघडून घेतलं आणि गोळ्या काचेच्या वाटीत काढून ठेवल्या."

"म्हणजे निष्काळजीपणा," हॅलोरन हळूच म्हणाले.

"वाटीत अस्वलं होती हो," कोरीन उठून म्हणाली. "पोरीनं अस्वलं खाल्ली. कडू गोळी असती तर थुंकली असती."

"मॅडम, तुमची वेळ संपली आहे."

मतदान सुरू झालं. अस्वलाचं कलम गाळायचं, झाकणाचं घालायचं. एकेक नाव पुकारलं जात होतं आणि एकेक आमदार "हो" म्हणत होता. बाटली परत मागायचं कुणाला सुचलं नाही. डोलोरेस ती मांडीत धरून झाकण दाबत होती, फिरवत होती, पुन्हा दाबत होती. तळवा पांढराफटक पडला होता.

"दे इकडे, आई. सोड ते."

"थांब," डोलोरेस म्हणाली. "आता हेच घरी येणार आहे."