काटा चाळीसवर

"आठ दात की नऊ?" तनुजानं दुसऱ्यांदा विचारलं आणि दत्तोबांनी दुसऱ्यांदा मान खाली घातली.

वारज्याला तनुजाच्या गॅरेजात त्यांची पिकअप जॅकवर चढून बसली होती. चारही चाकं पस्तीस इंची, दांडगी. कुणा हौशी इंजिनिअरनं आपल्या जीपला घातलेली आणि लग्न ठरताच सासऱ्यांच्या धाकानं विकायला काढलेली. दत्तोबांनी ती अडुसष्टाव्या वर्षी पोरासारखी उड्या मारत घेतली. अर्धं मांजरी गाव बघायला लोटलं होतं. पण चाकं मोठी झाली तसा गाडीचा जोर पार गेला.

"काका, चाकं हत्तीची लावलीत आणि आतले गिअर शेळीचे ठेवलेत," तनुजा म्हणाली. "मागचा एक्सल फिरवणारं जे छोटं पिनियन असतं ना, त्याला सध्या दहा दात आहेत. आठ दातांचं टाकलं की जुनी ओढ जशीच्या तशी परत. नऊचं टाकलं तर गेलेली ओढ निम्मीच परत. एक्सल मात्र जाडच टाकायचा, नाहीतर या चाकांनी मोडेल. ते मी विचारत नाहीये, सांगतेय."

"नऊचं टाक," दत्तोबा पुटपुटले.

"का? आठ टाकलं तर तुमचा काटासुद्धा परत बरोबर वेग दाखवेल. बोनस!"

डोंबलाचा बोनस! पण हिला सांगणार कसं?

तीस वर्षांपूर्वी दत्तोबांनी बायकोला, तुळजाबाईंना, मोटरसायकलवरून थेट कालव्यात नेलं होतं. तेव्हापासून घरचा कायदा एकच. काटा चाळीसच्या पुढं गेला की बाई गाडीतून उतरणार. ही नुसती धमकी नव्हती हं. एकदा हडपसरला मेथीची जुडी काखेत मारून त्या खरंच उतरल्या आणि ताडताड चालत सुटल्या. दत्तोबा मागून फर्स्ट गिअरमध्ये माफी मागत, आणि त्यांच्या मागं तमाम ट्रॅफिक शिव्या देत.

रोज सकाळी भाजी घेऊन दोघं मंडईला निघायचे. तुळजाबाई शेजारी, एक डोळा काट्यावर, हातात जपमाळ. मांजरी ते मंडई पाच माळा, बरोब्बर. मग ही चाकं लागली आणि चमत्कारच झाला. काटा चाळीसवर स्वस्थ उभा आणि रिक्षा पटापट मागं पडायला लागल्या! मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं, आणि काट्याला बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. काटा चाळीस, गाडी पन्नास! दत्तोबांना गुदगुल्या व्हायच्या. तीस वर्षांत एवढी मजा त्यांना कशातच आली नव्हती. मंडई चौथ्या माळेतच यायची. "बोटं मंदावली बाई माझी," म्हणत तुळजाबाई माळ पिशवीत टाकायच्या.

"वय झालं आता," दत्तोबा गंभीर तोंड करून म्हणायचे.

आठ दात बसले की संपलीच ती मजा. नवाच्या पिनियनात निदान थोडी तरी चोरी शिल्लक राहत होती.

"नऊ ना मग?" तनुजानं पाना उचलला.

आणि नेमका तेव्हाच दत्तोबांना कालव्याचा चढ आठवला. वावरातून रस्त्यावर येताना भरलेली गाडी तिथं दम टाकायची. तुळजाबाई उतरून चाकामागं दगड लावायच्या. गेल्या आठवड्यात गाडी वीतभर मागं सरकली आणि दगड निसटला. त्यांचा हात थोडक्यात वाचला. "काय न्हाई झालं," त्या म्हणाल्या, पण मंडईपर्यंत त्यांनी माळ पिशवीतून काढलीच नाही.

"आठ," दत्तोबा एकदम ओरडले. "आठच टाक! आणि पटकन टाक, माझं मन बदलायच्या आत."

दुसऱ्या दिवशी चढाशी आल्यावर तुळजाबाई मांडीवर दगड घेऊन तयारच होत्या.

"उतरू?"

"बस गं गप."

गाडी गुरगुरली आणि सरळ चढून गेली. थांबली नाही, सरकली नाही. तुळजाबाईंनी हुर्रे म्हणावं तसा दगड खिडकीतून भिरकावला. दत्तोबांचा जीव भांड्यात पडला.

पुढं मात्र सगळा आनंदीआनंद. काटा चाळीस आणि गाडीही चाळीसच. रिक्षा भुर्रकन पुढं जात होत्या. एक स्कूटरवाला तर मागं वळून कीव केल्यासारखा बघून गेला. पुलगेटला चौथी माळ संपली. तुळजाबाईंनी आधी माळेकडं बघितलं, मग खिडकीबाहेर.

"अवं, हे काय! आजून पुलगेटच?"

दत्तोबांना राहवेना. "खरं सांगतो, रागावू नको. मोठी चाकं लागल्यापासून आपण पन्नासनं जात होतो. काटा खोटं बोलत हुता आणि मी गप बसलो. कालच्या गिअरनं तो खरा झालाय. चुकलं माझं. उतरू नको फक्त."

"मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"पाचाच्या चार माळा झाल्या त्याच दिवशी कळलं मला. बोटं मंदावली म्हनं! माळ मोजता येत न्हाई व्हय मला?"

दत्तोबांच्या हातून हॉर्न दाबला गेला. शेजारून जाणारा रिक्षावाला दचकला.

"मंग इतके दिस बोलली का न्हाईस?"

तुळजाबाईंनी काच पार खाली केली, पदर कमरेला खोचला आणि मोकळ्या रस्त्याकडं बोट दाखवलं.

"बोलले असते तर तुमी हळू चालवली असती की!"