येळवशीचं बोलावणं

"न्हाई यायचा तो! हाडाचा अडेल हाय!" गुरम्मा म्हणाल्या आणि भज्जीच्या पातेल्यावर झाकण दाणकन आपटलं. पुण्याहून आलेले पाहुणे जेवता जेवता दचकले. दोघांनी लगेच मोबाइल काढले. म्हातारीचा संतापही त्यांना सहलीच्या कार्यक्रमातलाच वाटला.

संताप मात्र खरा होता. उदगीरजवळच्या त्या शेतात वेळ अमावस्येचा, म्हणजे येळवशीचा दिवस निम्मा सरला होता. कडब्याची खोपटासारखी कोप उभी होती. आत पाच पांडवांच्या दगडांची पूजा झाली होती. शेंगाभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील, सगळं डोक्यावरून शेतात आलं होतं आणि पंगत बसली होती. गुरम्मांचे डोळे तेवढे बांधावर होते. बांधापलीकडे उसाचा फड आणि फडापलीकडे त्यांचे दीर चंद्रप्पा.

त्या बांधाच्या दोन फुटांवरून अकरा वर्षांपूर्वी भावाभावांत फाटलं. गुरम्मांचे यजमान बसवंतअप्पा वारले तेव्हा चंद्रप्पा मातीला आले, पण घोटभर पाणी न पिता परत गेले. येळवशीला शेजाऱ्याला जेवायला हाक मारायचीच असते, म्हणून गुरम्मा दरवर्षी बांधावर उभ्या राहून हाक मारत. दरवर्षी पलीकडून उत्तर म्हणून येत नसे. यंदा मात्र सोमवारी मठात जाऊबाई महानंदा भेटली आणि हळूच म्हणाली, "अक्का, यंदा येतो म्हनलेत." तेव्हापासून गुरम्मांनी घरात कुणाला धड बसू दिलं नव्हतं. भाज्या निवडताना सुनेला, सुकन्याला, दहा वेळा टोकलं होतं.

नेमका हाच दिवस सोमेशने धरला होता. सोमेश त्यांचा एकुलता एक मुलगा. लातूरची नोकरी सोडून त्याने खाद्यसहली काढायचं ठरवलं होतं आणि ही पहिलीच सहल. काल धर्माबादला मिरचीवाल्यांकडे, आज येळवस, उद्या डाळीची गिरणी. एक गाडी जेवत होती, दुसरी तीन वाजता यायची होती. सहल फसली तर लातूरला तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून तो दर पाच मिनिटांनी पातेल्यात डोकावत होता.

एरवी येळवशीला वाटसरूलाही हाताला धरून पानावर बसवतात. आज सोमेशने कोपीभोवती दोरी बांधली होती. आत फक्त गळ्यात पिवळी पट्टी असलेली माणसं. गुरम्मांना ते मुळीच पटलं नव्हतं, पण पोराच्या पोटाचा प्रश्न म्हणून त्या गप्प बसल्या. तिथंच चुकलं.

"मेल्या भावाच्या कोपीत यायला कमीपणा वाटतो त्याला," त्या सुकन्याला म्हणाल्या. "आता माती झाली तरी मी त्याच्या दारात जायची न्हाई."

"जाऊ दे की आई," सोमेश घाईघाईने म्हणाला. "न्हाई येत तर न्हाई. पाहुन्यास्नी उंडे कसे करतेत ते सांग."

तेवढ्यात पूनम नावाची एक पाहुणी त्यांच्या शेजारी येऊन बसली. पोरगी मनाने चांगली होती. तिने मोबाइल पुढे केला.

"आजी, हे आजोबा कोण हो? फेटा किती सुंदर आहे. दोरीपर्यंत आले होते. तुमचा मुलगा काहीतरी बोलला आणि परतच गेले."

फोटोत चंद्रप्पा होते. नवं धोतर, पांढरा फेटा, कपाळावर ताजी विभूती. मागे महानंदा, डोक्यावरचा पदर सावरत.

"कधी आलते?"

"झाला की तास. तुम्ही आत आम्हाला पूजा दाखवत होतात तेव्हा."

गुरम्मा उठल्या. गुडघे दुखतात हे त्या विसरल्या.

"सोम्या, काय म्हनलास काकाला?"

"काय न्हाई. बुकिंगवाल्याचं हून जाऊ द्या, मग बघू म्हनलं." सोमेशने पाहुण्यांकडे पाहत आवाज खाली आणला. "पुरलं पाहिजे का न्हाई, आई? बोलावलं असतं तर आख्खी वाट आत आली असती."

गुरम्मांनी हात उगारला. तो हात त्यांनी तसाच वळवला आणि मागे घोंगडीखाली झाकून ठेवलेलं दुसरं पातेलं उचललं.

"आई, ते दुसऱ्या गाडीचं हाय!"

"गाडीला सांग, येळवस संपली."

दोरी छातीला लागली तशी त्यांनी ती पुढे रेटत तोडली. सुकन्याने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, उंड्यांची टोपली डोक्यावर घेतली आणि सासूच्या मागून बांध ओलांडला.

फडातून जाताना उसाची पाती गुरम्मांच्या गालाला कापत होती. त्या रागाने बडबडत होत्या. दिराला काय काय सुनवायचं ते जुळवत होत्या. पोरानं हाकललं म्हणून काय झालं, वहिनीला हाक मारता येत नव्हती? तोंड शिवलं होतं? एवढा कसला ताठा?

फड संपला. चंद्रप्पा बोरीखाली पाठमोरे बसले होते. फेटा काढून गुडघ्यावर ठेवलेला. शेजारी महानंदा. त्या दोघांखेरीज शेतात काहीच नव्हतं. कोप नव्हती, माठ नव्हता, टोपली नव्हती.

गुरम्मांनी पातेलं खाली ठेवलं. "कोप कामून घातली न्हाई गं?" त्यांनी विचारलं.

महानंदाने पातेल्याकडे पाहिलं, मग खाली मान घातली.

"सकाळधरनं चूलच पेटवली न्हाई, अक्का. तुमच्याकडं जेवायचं म्हनून."