दोन पेट्यांचा तोल
पाठीवर गोण्या वाहणारे लदेणीचे बैल विकून लखीरामनं लष्करी लिलावातली फटफटी घेतली, तेव्हापासून बापानं त्याच्याशी अबोला धरला होता. आज तो रिसोडकडच्या तांड्यांवर माल विकायला निघाला. ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून त्यानं दोन पेट्या फटफटीला बसवल्या होत्या. धुराच्या नळीकडची लहान. मोठीत मीठ, लहानीत मिरच्या भरल्या, तशी फटफटी आडवी झाली. लेकरू कडेवर घेतलेली त्याची बायको रुपाबाई चरकली. सासरा उठून नातवालाच म्हणाला, "सांग तुह्या बापाले, जड माल लहानीत भरतात. बैलाले इचारलं असतं तं त्यानंबी सांगतलं असतं!" लखीरामनं फटफटी उचलून मालाची अदलाबदल करताच ती सरळ उभी राहिली. मग घरातून म्हातारा भाकरीच्या पिठाच्या दोन सारख्या पुरचुंड्या घेऊन आला आणि दोन्ही पेट्यांत एकेक ठेवली. "हे कायले, बा?" लखीरामनं भीतभीत विचारलं. रुपाबाईनं कान टवकारले. म्हातारा थेट लेकाकडं बघून म्हणाला, "मंग वाटेत पेट्रोल खाशील काय, लख्या?"