पासष्ट मिलिमीटर

ओट्यावर पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर बोराच्या बीएवढी एक गाठ पडली होती. मऊ, दुधट, सिलिकॉनची. तिची एक बाजू सपाट होती, नव्या ब्लेडनं एका फटक्यात कापल्यासारखी. भागीरथानं ती उचलून तळहातावर घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन खिडकीतली साबणदाणी पाहिली. सकाळी धुऊन वाळत ठेवलेली रिंग तिथं नव्हती.

"झालं बाप्पा एकदाचं!" सिंकखालून तिच्या नवऱ्याचा, शेषरावांचा आवाज आला. चौतीस वर्षं स्टील प्लांटमध्ये फिटर होते. निवृत्त झाले तरी घरातल्या कुठल्या जोडाला दुसऱ्याचा हात लागू देत नसत. "सहा महिने झाले बालटी ठेवून राहिलो आपण इथं. पाय आता. थेंब नाही."

"काय लावलं तिथं?"

"एक रिंग भेटली बाथरूममंदी. व्हर्निअर लावून पायलं, बरोबर पासष्ट एमएम. माल एक नंबर, असा बजारात भेटत नाही. फक्त एका जागी गाठ होती, मोल्डिंगचा फॉल्ट. कापून टाकली."

भागीरथानं मूठ मिटली.

सारं काम त्या गाठीचंच होतं. रिंग योनीमार्गात बसली की ती गाठ मूत्रमार्गाला टेका देई; मग खोकला आला, शिंक आली, पायरी चढली तरी लघवी सुटत नसे. भाजी आणायला जाते असं सांगून ती शेजारच्या गुलाबबाईबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. तिच्या मापाची रिंग यायला दीड महिना लागला. घालायची कशी, काढायची कशी, हे शिकण्यात आणखी आठवडा गेला. काल मात्र ती वैशाली नगरचा सगळा बाजार फिरून आली होती, आणि कोरडी आली होती. म्हणून तर उद्याच्या गाडीचं ठरलं. गोंदियाला धाकट्या बहिणीच्या, हिराच्या घरी तिच्या धाकट्या लेकीचं, भूमिकाचं लग्न होतं.

"ती रिंग माही होती," ती म्हणाली.

"तुही? कायची? कुकरची?"

"अंगात घालाची. लघवी थांबाले. डॉक्टरीणबाईनं देलती."

 शेषरावांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"छी! अन् मी ते दातात धरून ताणून पायलं न वो!"

ते उठले, सिंकपाशी वाकून त्यांनी खळखळून चूळ भरली. भांड्यांचा साबण घेऊन हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा कोपरापर्यंत धुतले. भागीरथा खाली ठेवलेल्या बादलीकडे पाहत होती. बादलीत एकही थेंब पडला नाही.

"आधी सांगाचं नाही का?"

"सांगतलं असतं तर जाऊ देलं असतं डॉक्टरीणबाईकडे?"

"ह्या वयात कोणाले काय काय दाखवत फिराचं, याची काही लाज असते का नाही?" त्यांनी तिच्याच टॉवेलला हात पुसले. "जाऊ दे, झालं ते झालं. तसाही गाडीत तमाशाच झाला असता. मी एकटाच जाऊन येतो."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. हिराचा होता; मोठ्या बहिणीला ती 'बाई' म्हणे. प्लांटमध्ये कान गेल्यापासून ते फोन ओट्यावर ठेवून, स्पीकर लावून, समोरचा माणूस पलीकडच्या गल्लीत असल्यासारखं ओरडून बोलत.

"भाऊजी, स्पीकर लावला मी, सारे ऐकून राहिले. उद्या येऊन राहिले ना? भूमिका सकाळपासून विचारून राहिली. मावशी आल्याशिवाय हळद लावून घेत नाही म्हणते."

"मी येतो, हिरा! तुह्या बाईचं जमत नाही! गुडघे! कालपासून सुजले!"

फोनमध्ये कोणाचं तरी हसणं, भांड्यांचा आवाज.  हिराचा आवाज खाली आला.

"भाऊजी, मोठीच्या लग्नाले गुडघे. आईच्या तेरवीलेही गुडघे. खरं सांगा, बाई माह्यावर रागावली हाये का? माह्याकडून काही चुकलं असन तर पाय धरतो मी तिचे."

शेषरावांनी भागीरथाकडे पाहिलं आणि सवयीनं आपल्या गुडघ्याकडे बोट केलं. सहा वर्षं हीच खूण होती. ती दिसली की भागीरथा कण्हत म्हणायची, उठताच येत नाही वो. पाहुणे आले की घरातल्या घरात लंगडायचीसुद्धा. कधी डावा पाय, कधी उजवा. कोणी विचारलं नाही.

तिनं मूठ उघडली. गाठ ओट्यावर ठेवली आणि फोन उचलला.

"हिरा, मी बोलतो. माहे गुडघे चांगले हायेत."

"बाई?"

"कधी दुखलेच नाही. मले लघवी थांबत नाही. लुगडं भरते. म्हणून येत नव्हती मी."

"अवं, तिकडंही स्पीकर चालू हाये!" शेषराव फोनकडे झेपावले. भागीरथानं त्यांच्याकडे पाठ केली. फोनमधलं हसणं थांबलं होतं. तिकडे जितकी माणसं होती, तितकी ऐकत असावीत.

"उद्याच्या गाडीनं येतो मी," ती म्हणाली. "माह्या गादीवर टाकाले मेणकापड काढून ठेव."