बांधाखालचा करदोडा
शेततळं खोदताना तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी निघाली अन् बजरंगचे डोळे लकाकले. “आई, गुप्तधन!” धुरपताबाईनं त्याला दटावून शेजारच्या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या टेकाडावर, उत्खनन करणाऱ्या मॅडमना बोलावलं. त्यांनी ब्रशनं माती झाडली. “तीन हजार वर्षांपूर्वी लोक मेलेलं तान्हं मूल असं मडक्यांत घालून घरातच पुरायचे. पुढं पाऊस तुटला, तसे गुरंढोरं घेऊन सगळे निघून गेले.” “आन् माय? लेकरू हितंच ठेवून गेली?” धुरपताबाईनं विचारलं. “जावंच लागलं असेल.” “थापा हायेत! सोनं लपवायल्यात ह्या!” बजरंगनं कुदळ उचलली. धुरपताबाई पदर खोचून मडक्यांपुढं आडवी झाली. “सरक, आई!” “हाण की मुडद्या! हितलं झालं की त्या बांधाखालीबी खोद. तुझा थोरला भाऊ म्या पुरलाय तिथं, सवा महिन्याचा. सोनं न्हाई, पण त्याच्या कमरेला चांदीचा करदोडा हाय.”